‘फक्त २ शिल्लक’ वाचलं की हात का शिवशिवतो?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी एका संकेतस्थळावर टेबलाशी बसायची खुर्ची बघत होतो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल आकडे उलटे पळत होते: ‘सवलत संपायला ९ मिनिटं ४२ सेकंद’. त्याखाली, ‘फक्त २ शिल्लक. आत्ता १७ जण ही खुर्ची बघत आहेत.’ मला खरं तर पाठीचा आधार किती उंच आहे एवढंच वाचायचं होतं. ते बाजूलाच राहिलं आणि मी घाईघाईनं पत्ता भरायला लागलो. तेवढ्यात फोन आला, बोलणं लांबलं. परत येऊन पाहतो तर घड्याळ शून्यावर. पान पुन्हा उघडलं, तर घड्याळ परत दहा मिनिटांपासून सुरू. खुर्च्या दोनच. बघणारे मात्र आता २३.

त्या रात्री मला मनापासून राग आला. मी स्वतः विक्रीसाठी मजकूर लिहितो. शब्दांनी माल खपतो यात मला काही गैर वाटत नाही, त्यावरच माझं घर चालतं. पण त्या पानानं खुर्चीबद्दल मला काही सांगितलंच नव्हतं आणि तरीही मी पैसे द्यायला निघालो होतो. शब्दांना ही ताकद कुठून येते, तिचा सरळ वापर कुठे संपतो आणि लबाडी कुठे सुरू होते, हे एकदा नीट उलगडून सांगावं असं तेव्हापासून मनात होतं. विकणाऱ्यालाही ते कळायला हवं आणि घेणाऱ्यालाही.

## विक्रेता समोर नसतो तेव्हा

विक्रीसाठी लिहिलेल्या मजकुराला जाहिरातीच्या धंद्यात ‘कॉपी’ म्हणतात आणि तो लिहिणाऱ्याला कॉपीरायटर. इथे तिचा अर्थ नक्कल नव्हे. वस्तूचं वर्णन, जाहिरातीचा मथळा, मोबाइलवर येणारा संदेश, बटणावरचे दोन शब्द, हे सगळं कॉपीच.

१९०४ साली जॉन केनेडी नावाच्या कॉपीरायटरनं शिकागोच्या लॉर्ड अँड थॉमस या जाहिरात संस्थेत एक चिठ्ठी आत पाठवली. जाहिरात म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नाही, ते मी सांगू शकतो, असा तिचा आशय होता. तिथल्या अल्बर्ट लास्करनं त्याला भेटायला बोलावलं, तेव्हा केनेडीनं दिलेलं उत्तर पुढे या धंद्याचा पाया ठरलं: जाहिरात म्हणजे छापील विक्रेता.

ही कल्पना जितकी साधी तितकीच उपयोगाची आहे. चांगला विक्रेता डोळ्यांनी काम करतो. गिऱ्हाइकानं सदरा हातात घेतला, उलटा करून शिवण पाहिली, की तो लगेच म्हणतो, ‘धुतल्यावर आटत नाही बरं का.’ विचारलं कोणीच नव्हतं, पण प्रश्न हालचालीतून कळला. कॉपीला डोळे नसतात. वाचणारा कुठे अडखळला, कुठे त्याच्या कपाळाला आठी पडली, हे तिला दिसत नाही. म्हणून ते प्रश्न आधीच ओळखून त्यांची उत्तरं ओळीओळीत पेरून ठेवावी लागतात. मन वळवणारं लेखन म्हणजे भारदस्त विशेषणांची आरास, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते न विचारलेल्या प्रश्नांना दिलेलं उत्तर असतं.

## झोत कुठे पडतो

शब्द बदलल्यानं वस्तू बदलत नाही. मग माणसाचं मत का बदलतं?

वीज गेली आहे आणि अनोळखी खोलीत तुमच्या हातात एक बॅटरी आहे, असं समजा. झोत पुस्तकांच्या कपाटावर पडला तर खोली अभ्यासू माणसाची वाटेल, कोपऱ्यातल्या जळमटांवर पडला तर ओसाड वाटेल. खोली तीच असते. शब्द हा असा झोत आहे. याला अभ्यासक ‘फ्रेमिंग’ म्हणतात, आपण मांडणी म्हणू.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि विचारलं, गाड्या किती वेगात होत्या? प्रश्नातलं क्रियापद तेवढं प्रत्येक गटासाठी वेगळं होतं. गाड्या एकमेकींवर ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचं क्रियापद ज्यांनी ऐकलं त्यांचा अंदाज सरासरी ताशी ४०.८ मैल निघाला. गाड्या एकमेकींना ‘टेकल्या’ असं सौम्य क्रियापद ज्यांच्या वाट्याला आलं त्यांचा ३१.८ मैल. पुढच्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच पाहिली का? चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरी ‘चुराडा’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती आठवली. साधं ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. एका क्रियापदानं अंदाज तर हललाच, आठवणसुद्धा बदलली.

१९८१ सालचा एक प्रयोग त्याहून गाजलेला आहे. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी लोकांपुढे एक कल्पित साथ ठेवली, जिच्यात ६०० माणसं मरायची शक्यता आहे. एका गटाला सांगितलं, पहिला उपाय केला तर २०० जण नक्की वाचतील, दुसऱ्या उपायात सगळे वाचण्याची एक तृतीयांश शक्यता आहे आणि कोणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. ७२ टक्के लोकांनी खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तेच गणित उलट्या बाजूनं दिलं: पहिल्या उपायात ४०० जण नक्की मरतील. आता खात्रीचा उपाय निवडणारे उरले २२ टक्के. २०० वाचणं आणि ४०० मरणं ही एकच गोष्ट, पण ‘मरतील’ हा शब्द आला आणि लोक जोखीम पत्करायला तयार झाले. मिळण्यापेक्षा गमावणं माणसाला जास्त बोचतं. ‘आज घेतलंत तर वाचवाल’ याऐवजी ‘आज घेतलं नाहीत तर गमवाल’ असं जाहिराती म्हणतात ते यामुळे.

मला मात्र याच विषयातला एक कमी गाजलेला प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. १९८८ मध्ये अर्विन लेव्हिन आणि गॅरी गेथ यांनी मांसाचा एकच खिमा दोन प्रकारे मांडला. काहींना सांगितलं, यात ७५ टक्के भाग चरबीविरहित आहे. काहींना सांगितलं, यात २५ टक्के चरबी आहे. अर्थ एकच, पण पहिल्या गटाला तो जास्त चांगला वाटला. इथवर अपेक्षितच होतं. पण ज्यांनी तो प्रत्यक्ष चाखला, त्यांच्या बाबतीत शब्दांमुळे पडलेला फरक कमी झाला. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं म्हणतात. पहिल्या अर्ध्या भागात एक शब्द वाढवायला हवा: एकदाच. वस्तू हातात आली की तिचा स्वतःचा उजेड पडतो आणि बॅटरीचा झोत फिका होतो.

## ‘कारण’ या शब्दाची खरी कहाणी

कॉपी शिकवणारे जवळजवळ सगळे एक प्रयोग सांगतात आणि बहुतेक जण तो अर्धाच सांगतात. म्हणून जरा थांबून तो पूर्ण बघू.

१९७८ मध्ये एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये झेरॉक्स यंत्राशी उभ्या असलेल्या लोकांना विनंती केली: मला ५ पानं काढायची आहेत, आधी काढू का? ६० टक्के लोक हो म्हणाले. मग विनंतीला खरं कारण जोडलं, ‘कारण मी घाईत आहे’. ९४ टक्के हो म्हणाले. तिसऱ्या वेळी पोकळ कारण दिलं, ‘कारण मला प्रती काढायच्या आहेत’. यंत्राशी येणारा प्रत्येक जण त्यासाठीच येतो. तरी ९३ टक्के हो म्हणाले!

सांगणारे इथे थांबतात आणि धडा देतात: काहीही लिहा, ‘कारण’ घाला, लोक ऐकतात. पण प्रयोगाचा दुसरा भाग होता. त्यात ५ ऐवजी २० पानं मागितली. विनाकारण मागितल्यावर २४ टक्के हो म्हणाले. पोकळ कारण दिल्यावर पुन्हा २४ टक्के, एक टक्काही वाढला नाही. खरं कारण दिल्यावर ४२ टक्के.

यातून निघणारी गोष्ट विकणाऱ्यानं गाठीला बांधून ठेवावी. मागणं लहान असेल, म्हणजे एखादं बटण दाबणं, एखादी चित्रफीत बघणं, तेव्हा माणूस फार विचार करत नाही आणि कारणाचा नुसता आकारही चालून जातो. मागणं मोठं झालं, पैसे किंवा वेळ जायची पाळी आली, की तो जागा होतो आणि कारण तपासतो. ‘आमचं उत्पादन घ्या कारण ते सर्वोत्तम आहे’ हे वाक्य ‘मला प्रती काढायच्या आहेत’ याच जातीचं आहे.

## खरं कारण सापडतं कुठे

माझ्या ओळखीच्या एक ताई लॅपटॉपच्या बॅगा शिवून विकतात. ‘दादा, वर्णन लिहून द्या, जरा भारी शब्द टाका,’ म्हणाल्या. त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं: ‘उत्कृष्ट दर्जाची, आकर्षक, टिकाऊ व मजबूत बॅग.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही शब्द दिसत नव्हता. हेच वाक्य कुठल्याही बॅगेखाली चिकटवता आलं असतं.

मी म्हटलं, मजबूत म्हणजे काय? त्यांनी बॅग उलटी केली. पट्टा जिथे बॅगेला जोडला होता तिथे शिवणीचा चौकोन आणि त्यात फुली होती, दोन्ही दुहेरी दोऱ्याची. ‘सुरुवातीला एका बाईंचा पट्टा निसटला, लॅपटॉप पडता पडता वाचला. तेव्हापासून मी अशीच शिवते. आणि प्रत्येक नवीन कापड आलं की त्याची पहिली बॅग पाण्याचा भरलेला कॅन घालून रात्रभर खुंटीला टांगून ठेवते.’ मी विचारलं, हे तुम्ही कुठे लिहिलं का नाही? त्या गोंधळल्या. ‘त्यात काय लिहायचं? ते तर करावंच लागतं.’

करणाऱ्याला जे नेहमीचं वाटतं ते घेणाऱ्याला ठाऊकच नसतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला क्लॉड हॉपकिन्स या कॉपीरायटरला श्लिट्झ या अमेरिकन बिअरची जाहिरात लिहायची होती. तेव्हा सगळेच ‘शुद्ध’ हा एकच शब्द मोठमोठ्या अक्षरांत छापत होते. हॉपकिन्स कारखाना पाहायला गेला. तिथे त्यानं काचेच्या भिंतींच्या खोल्या पाहिल्या, त्यांत गाळलेली हवा सोडलेली होती. खूप खोलवरून काढलेलं पाणी पाहिलं, चार चार वेळा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या. हे लोकांना का सांगत नाही, असं त्यानं विचारलं, तेव्हा मालक म्हणाले, सगळेच कारखाने असं करतात. हॉपकिन्सनं तेच लिहिलं. पाचव्या क्रमांकावरची बिअर काही महिन्यांत पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीला आली, असं त्यानं आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे. हा त्याचा स्वतःचा दावा आहे, हे ध्यानात ठेवून वाचावं. पण ‘शुद्ध’ आणि ‘बाटली चार वेळा धुतो’ यांतला फरक पटायला कुठल्याही आकड्याची गरज नाही. पहिलं ऐकावं लागतं, दुसरं दिसतं.

आम्ही ताईंचं वर्णन असं लिहिलं: ‘पट्टा निसटू नये म्हणून जोडावर दुहेरी दोऱ्याची फुली. नवीन कापडाची पहिली बॅग पाण्याचा भरलेला कॅन घालून रात्रभर टांगून पाहतो, मगच पुढच्या शिवतो.’ ‘मजबूत’ हा शब्द काढूनच टाकला. आता त्यांना येणाऱ्या फोनवर लोक कॅनबद्दल विचारतात.

## मराठीत लिहिताना

जाहिरातींची मराठी बऱ्याचदा दुसऱ्या भाषेतून उचलून ठेवलेली असते आणि ती वाचताना कानाला टोचते. ‘अनुभवा आनंदाची नवी परिभाषा’ असं कोणी कुणाला म्हणतं का? ज्या वाक्यामागे बोलणारा माणूस दिसत नाही, त्यावर विश्वास ठेवायला मन तयार होत नाही.

संबोधनाचंच बघा. ‘आपण नोंदणी करावी’ म्हटलं की कार्यालयातली सूचना वाटते. शिवाय ‘आपण’ म्हणजे तुम्ही की तुम्ही-आम्ही मिळून, हा घोळ राहतोच. ‘तू’ जवळचं वाटतं, पण अनोळखी माणसाच्या तोंडून ते खटकू शकतं, आणि भूतकाळ आला की ‘थकलास’ की ‘थकलीस’ हे ठरवावंच लागतं. ‘तुम्ही थकलात’ यात सगळे मावतात. म्हणून मी बहुतेक वेळा ‘तुम्ही’वर येऊन थांबतो.

शब्दांचा वासही सांभाळावा लागतो. मोफत, विनामूल्य आणि फुकट यांचा अर्थ एक. पण ‘फुकट’मध्ये वाया गेल्याची छटा आहे, ‘विनामूल्य’ला सरकारी शिक्का आहे, ‘मोफत’ तेवढं स्वच्छ. ‘स्वस्त’ म्हटलं की दर्जाची शंका येते, ‘परवडणारं’ म्हटलं की घेणाऱ्याचा मान राहतो. ‘जुनी सायकल’ आणि ‘दोन वर्षं वापरलेली सायकल’ यांत दुसरी जास्त प्रामाणिक आहे आणि जास्त खपाऊही, कारण वाचणाऱ्याच्या मनातला ‘किती जुनी?’ हा प्रश्न तिनं आधीच सोडवला.

यमकाचीही ताकद असते. २००० साली छापल्या गेलेल्या एका अभ्यासात यमक असलेली वचनं त्याच अर्थाच्या यमक नसलेल्या वचनांपेक्षा लोकांना जास्त खरी वाटली. म्हणींवर पोसलेल्या आपल्या भाषेला याचं नवल वाटायला नको.

## खरी टंचाई, खोटी टंचाई

आता त्या खुर्चीकडे परत येऊ. ‘फक्त २ शिल्लक’ आणि ‘१७ जण बघत आहेत’ या दोन ओळींमागे दोन जुन्या सवयी आहेत.

पहिली, थोडं उरलं की ते मोलाचं वाटतं. १९७५ मध्ये स्टीफन वॉर्चेल आणि सहकाऱ्यांनी बरणीत कधी १० तर कधी २ बिस्किटं ठेवून लोकांचं मत विचारलं. दोनच असलेल्या बरणीतली बिस्किटं जास्त हवीशी वाटली.

दुसरी सवय, चार लोक जे करतात ते आपणही करावं असं वाटणं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हॉटेलच्या खोल्यांत टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारी पाटी लावली होती. पर्यावरण वाचवा, अशा पाटीला ३५.१ टक्के पाहुण्यांनी दाद दिली. बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असं सांगणाऱ्या पाटीला ४४.१ टक्के. आणि ‘याच खोलीत राहिलेल्या’ बहुतेक पाहुण्यांनी तसं केलं, असं सांगितल्यावर दुसऱ्या फेरीत आकडा ४९.३ वर गेला. आपल्यासारखाच, आपल्याच जागी असलेला माणूस काय करतो, याचं वजन सगळ्यात जास्त.

या दोन्ही सवयी मूर्खपणाच्या नाहीत. वस्तू खरोखर संपत आली असेल तर ते कळणं माझ्या सोयीचंच आहे. बाकीचे लोक खरोखर समाधानी असतील तर तेही कळलेलं बरं. ओळ खोटी असते तेव्हा मात्र ही सोय चोरीचं हत्यार बनते. २०१९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी खरेदीची सुमारे ११,००० संकेतस्थळं तपासली. ग्राहकाला ढकलणाऱ्या किंवा फसवणाऱ्या रचनेचे १,८१८ नमुने त्यांना सापडले. शून्यावर आल्यावर पुन्हा सुरू होणारी घड्याळं त्यांत होती आणि ‘इतके जण बघत आहेत’ हा आकडा यंत्रानं मनाला येईल तसा काढलेलाही होता. माझे १७ आणि २३ कुठून आले असतील, ते हे वाचून समजलं.

अशा रचनेला हॅरी ब्रिगनल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लिहिलेलं बटणही त्यातलंच. नकार देणाऱ्याला लाज वाटावी म्हणून ते तसं लिहिलेलं असतं. कायदाही आता याकडे बघतो आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात अशा रचनेला आळा घालणारं कलम आहे. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ प्रकार नावानिशी सांगून मनाई केली, त्यांत खोटी घाई आहे आणि लाजवणारं बटणही.

## मग सगळी जाहिरात म्हणजे फसवणूकच का?

हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘मन वळवणं’ म्हटलं की समोरच्याच्या मनाविरुद्ध काहीतरी करवून घेणं, असंच डोळ्यापुढे येतं. माझी कसोटी अशी आहे: हे वाक्य कशासाठी आणि का लिहिलं, हे गिऱ्हाइकाला शेजारी बसवून सांगता येईल का? ‘फुलीची शिवण लिहिली, कारण पट्टा निसटण्याची भीती तुम्हाला वाटते हे मला माहीत आहे.’ हे सांगता येतं. ‘घड्याळ लावलं, कारण विचार करायला वेळ मिळाला तर तुम्ही घेणार नाही.’ हे तोंडावर सांगता येणार नाही.

फुगवून बोलणं आणि वचन देणं यांतली रेषा न्यायालयातही पाहिली गेली आहे. १८९१ मध्ये लंडनमध्ये ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ या, नाकानं हुंगायच्या औषधाच्या रबरी गोळ्याची जाहिरात आली. सांगितल्याप्रमाणे रोज तीनदा, दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, आणि त्यासाठी १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी गोळा वापरला, तरी त्या आजारी पडल्या आणि त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरातीची भाषा होती, कोणी मनावर घ्यायची नसते. १८९२ मध्ये अपील न्यायालयानं ते अमान्य केलं. बँकेत पैसे ठेवल्याचं सांगणारा माणूस मनापासून बोलतोय असंच वाचणारा समजणार. कंपनीला पैसे द्यावे लागले. ‘जगात भारी’ म्हणणं आणि ‘इतके दिवस वापरा, नाही तर इतके पैसे देतो’ म्हणणं, यांत दुसऱ्या वाक्याला आपल्या शब्दाची किंमत मोजायची तयारी लागते. मन वळतंही त्याच वाक्यानं.

## जोर लावला नाही तर घेणार कोण?

‘त्वरा करा’, ‘संधी दवडू नका’, ‘आजच’. यांच्यावाचून गिऱ्हाईक हलणार नाही, अशी भीती विकणाऱ्याला वाटते. पण ढकललं की माणूस पाय रोवतो, हे जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्येच मांडलं होतं. आपलं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की आपण ते परत घ्यायला बघतो.

याची उलटी बाजू फार सुंदर आहे. २००० साली निकोलस गेगेन आणि अलेक्झांडर पास्कल यांनी फ्रान्समध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. रस्त्यावर अनोळखी लोकांकडे बसच्या भाड्यासाठी सुटे पैसे मागितले, तेव्हा १० टक्क्यांनी दिले. विनंतीच्या शेवटी ‘पण देणं न देणं तुमच्या मर्जीवर आहे’ एवढं जोडलं, तर ४७.५ टक्क्यांनी. दार उघडं आहे असं सांगितल्यावर जास्त माणसं थांबली.

उणीव कबूल केली तर गिऱ्हाईक पळेल, हीही अशीच भीती. १९६२ मध्ये भाड्यानं मोटारी देणाऱ्या एव्हिस कंपनीनं जाहिरातीत सांगितलं की आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून जास्त झटतो. कित्येक वर्षं तोट्यात असलेली ती कंपनी वर्षभरात नफ्यात आली. त्याच वर्षी तिथलं व्यवस्थापनही बदललं होतं, तेव्हा सगळं श्रेय एका ओळीला देणं बरोबर नाही. पण जो स्वतःहून आपला क्रमांक दुसरा सांगतो, त्याचं ‘झटतो’ हे क्रियापद खरं वाटतं.

## शब्दांनी खरंच किती फरक पडतो?

विकणारे इतक्या वेळा हे विचारतात की सरळ उत्तर द्यायला हवं: पडतो, पण जादूइतका नाही. २०२२ मध्ये स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि एलिझाबेथ लिनोस यांनी अमेरिकेतल्या दोन मोठ्या ‘नज युनिट’चे, म्हणजे सरकारी कामांत छोट्या बदलांनी लोकांना हलकेच वळवू पाहणाऱ्या चमूंचे, १२६ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत २ कोटी ३० लाख लोक होते. पत्राची भाषा बदलणं, आठवण करून देणं, अशा छोट्या बदलांचा परिणाम त्यांना मोजायचा होता. शोधनिबंधांत छापून आलेल्या तशाच प्रयोगांत शंभरातले सरासरी ८.७ जण जास्त हलले होते. या चमूंच्या प्रत्यक्ष कामात १.४. मोठा परिणाम दिसलेले प्रयोग छापून येतात आणि न दिसलेले कपाटात राहतात, हे त्यामागचं मुख्य कारण. म्हणून वर दिलेले आकडे दिशा दाखवतात, तुमच्या पानावर तेवढाच फरक पडेल असं ते सांगत नाहीत.

ते मोजायचा मार्ग सोपा आहे. दोन मजकूर लिहायचे, येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना एक आणि अर्ध्यांना दुसरा दाखवायचा, आणि पुरेसे लोक येईपर्यंत धीर धरायचा. याला ‘ए-बी चाचणी’ म्हणतात. विक्रीबरोबर परत आलेला मालही मोजावा, एवढीच माझी विनवणी. मजकुरानं खप वाढला आणि परतीही वाढल्या, तर झोत चुकीच्या जागी पडलाय.

## आता तर यंत्रच लिहून देतं

देतं, आणि भराभर देतं. ताईंच्या भाच्यानं मोबाइलवर बॅगेसाठी दहा वर्णनं काढून दाखवली. भाषा गुळगुळीत होती. ‘तुमच्या प्रवासाचा विश्वासू साथी’ दोनदा आलं होतं. कॅन कुठेच नव्हता, कारण खुंटीला टांगलेली ती बॅग यंत्राला कोणी सांगितलीच नव्हती. सांगितली असती तर त्यानं तीही चांगली लिहिली असती. शोधायचं काम सांगणाऱ्याचं आहे.

गेल्या आठवड्यात ताईंचा पुन्हा फोन आला. ‘दादा, झिपबद्दल काय लिहू? टिकाऊ म्हणू का?’ झिप त्या बाहेरून घेतात, तिची खात्री त्यांना स्वतःलाच नव्हती. मग ‘टिकाऊ’ नको, असं ठरलं. बिघडली तर बदलून द्याल का, मी विचारलं. ‘देईन की. वर्षभर देईन.’ ‘मग तेच लिहा.’ त्या लिहायला लागल्या आणि थांबल्या. ‘पण वर्ष मोजायचं कुठून? पैसे भरल्यापासून की बॅग हातात पडल्यापासून?’

स्मोक बॉलच्या खटल्यातही असाच प्रश्न निघाला होता: गोळा वापरल्यावर किती दिवसांत आजार झाला तर पैसे द्यायचे, हे जाहिरातीत लिहिलंच नव्हतं आणि न्यायाधीशांना त्याचा अर्थ लावत बसावं लागलं होतं. मी ताईंना ते सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: ‘बॅग तुमच्या हातात पडल्यापासून एक वर्ष.’